चुनखडी ते चुनखडी : प्राथमिक रसायनशास्त्राची उजळणी

१. उजळणीचे प्रयोजन

माध्यमिक शाळेत शिकलेले रसायनशास्त्र बहुतेकांच्या स्मरणात सूत्रांच्या रूपाने उरते. समीकरण पाठ असते, परंतु त्या समीकरणाच्या डाव्या व उजव्या बाजूंस प्रत्यक्षात कोणत्या वस्तू आहेत याचे चित्र मनात उभे राहत नाही. पुढील इयत्तेतील विद्यार्थ्याला याची झळ प्रथम लागते. पण घरात पान-तंबाखूचा चुना बाळगणाऱ्या आईबापांना, विहिरीत उतरणाऱ्या मजुराला व घर बांधणाऱ्या गवंड्यालाही ती लागल्यावाचून राहत नाही. यास्तव या पुस्तिकेत रसायनशास्त्राची मूलतत्त्वे एकाच परिचित पदार्थाच्या आधारे पुन्हा तपासावयाची आहेत. तो पदार्थ म्हणजे चुनखडी.

चुनखडीची निवड सकारण केली आहे. जबलपूरच्या परिसरात हा पदार्थ पाहण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर भेडाघाट येथे नर्मदा संगमरवरी कड्यांमधून वाहते. ईशान्येस, प्रयागराजकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, कटनी हे चुन्याच्या भट्ट्यांकरिता दीर्घकाळ प्रसिद्ध असलेले गाव आहे; १९९८ मध्ये स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत ते जबलपूर जिल्ह्यातच होते. शहराच्या अंगालाच मदनमहालची टेकडी आहे, ती मात्र ग्रॅनाइटची. एकाच शहराभोवती असे तीन प्रकारचे दगड असल्यावर रसायनशास्त्राचा पहिला धडा वेगळा शोधावा लागत नाही.

२. शब्दांची गल्लत

विषयात शिरण्यापूर्वी एक अडथळा दूर केला पाहिजे. चेरीतालसारख्या जबलपूरच्या वस्त्यांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांत असे पुष्कळदा घडते, की मूल शाळेत हिंदी पुस्तक वाचते आणि घरी आजोबांकडून किंवा आईकडून मराठीत समजावून घेते. दोन्ही भाषांची लिपी एक, शब्दांचे मूळही संस्कृत. त्यामुळे शब्द ओळखीचे वाटतात. परंतु ओळखीचा वाटणारा शब्द तोच अर्थ सांगतो असे नाही.

सर्वांत घातक उदाहरण 'अणू' या शब्दाचे आहे. मूलद्रव्याच्या ज्या लहानात लहान कणात त्या मूलद्रव्याची ओळख टिकून असते, त्याला मराठीत अणू म्हणतात. दोन किंवा अधिक अणू जोडले जाऊन जो कण बनतो तो रेणू. हिंदीत पहिल्यास 'परमाणु' आणि दुसऱ्यास 'अणु' म्हणतात. म्हणजे मराठीतील रेणू हाच हिंदीतील अणु. आता 'ऑक्सिजनचा अणुभार किती?' असा प्रश्न विचारला, तर मराठी पुस्तकानुसार उत्तर १६ आहे आणि हिंदी पुस्तकानुसार ३२ आहे. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी अचूक आहेत. चूक होते ती एका भाषेतील प्रश्नाला दुसऱ्या भाषेतील उत्तर दिल्याने. आणि अशा एका चुकीने पुढचे सारे गणित दुप्पट किंवा निमपट होते.

दुसरे उदाहरण 'क्षार' या शब्दाचे. मराठीत आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगाने जो पदार्थ तयार होतो, त्याला क्षार म्हणतात. मीठ हे त्याचे नेहमीचे उदाहरण. हिंदीत त्याच पदार्थास 'लवण' म्हणतात, आणि 'क्षार' हा शब्द पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीसाठी वापरतात. विरवलेला चुना हिंदी पुस्तकाच्या दृष्टीने क्षार आहे, मराठी पुस्तकाच्या दृष्टीने क्षार नाही. चुनखडीची गोष्ट नेमकी उलट आहे.

उरलेल्या जोड्या तितक्या फसव्या नाहीत, पण जवळ असाव्यात. मराठीतील मूलद्रव्य म्हणजे हिंदीतील तत्त्व. संयुग म्हणजे यौगिक. द्रावण म्हणजे विलयन. संयुजा म्हणजे संयोजकता. वस्तुमान म्हणजे द्रव्यमान. घनता म्हणजे घनत्व.

मूलद्रव्यांच्या नावांची कथा याहून रंजक आहे. एकोणिसाव्या शतकात कोल्हापूरचे बाळाजी प्रभाकर मोडक यांच्यासारख्या लेखकांनी रसायनशास्त्र मराठीत आणण्यास आरंभ केला. जुन्या मराठी लेखनात ऑक्सिजनला प्राणवायू, हायड्रोजनला उज्ज, नायट्रोजनला नत्र, कार्बनला कर्ब आणि कॅल्शियमला खट ही नावे आढळतात. पुढे डॉ. रघुवीर यांनी नागपूर येथे परिभाषेचे प्रचंड कार्य केले. त्या काळी नागपूर व जबलपूर एकाच प्रांतात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा ती वेगळी झाली. डॉ. रघुवीरांच्या परिभाषेत ऑक्सिजन हा जारक, हायड्रोजन हा उदजन, कार्बन हा प्रांगार आणि कॅल्शियम हा चूर्णातु होता. आज दोन्ही भाषांच्या शाळांत आंतरराष्ट्रीय नावेच रूढ आहेत, व येथेही तीच वापरली आहेत. खट म्हणा, चूर्णातु म्हणा किंवा कॅल्शियम म्हणा, वस्तू तीच राहते. नाव ही खूण आहे. ज्ञान वस्तूचे करून घ्यावयाचे असते.

३. मिश्रण, मूलद्रव्य आणि संयुग

मदनमहालच्या ग्रॅनाइटचा तुकडा हातात घेतला, तर त्यात निरनिराळ्या रंगांचे कण नुसत्या डोळ्यांनी दिसतात. काचेसारखे चकाकणारे ते क्वार्ट्झ, गुलाबी किंवा पांढुरके ते फेल्डस्पार, आणि काळसर पापुद्रे ते अभ्रक. हे कण कमीअधिक प्रमाणात असले तरी दगड ग्रॅनाइटच राहतो. ज्याचे घटक आपापले गुण टिकवून असतात आणि ज्यात त्यांचे प्रमाण ठरलेले नसते, असा पदार्थ म्हणजे मिश्रण.

शुद्ध चुनखडीची गोष्ट निराळी आहे. तिचा चुरा कितीही बारीक केला तरी प्रत्येक कण सारखाच असतो. तिच्यात कॅल्शियम, कार्बन आणि ऑक्सिजन ही तीन मूलद्रव्ये आहेत; पण तिच्यात ना कॅल्शियमची धातुमय चकाकी आहे, ना कार्बनचा काळेपणा, ना ऑक्सिजनचे वायुरूप. घटकांचे गुण लोपून नवे गुण प्रकट झाले आहेत, व घटकांचे प्रमाण वजनाने ठरून गेले आहे. शंभर ग्रॅम शुद्ध चुनखडीत ४० ग्रॅम कॅल्शियम, १२ ग्रॅम कार्बन आणि ४८ ग्रॅम ऑक्सिजन असतो. मग ती कटनीची असो, समुद्रातील शिंपल्याची असो, की प्रयोगशाळेत केलेली असो. हाच स्थिर प्रमाणाचा नियम. फ्रेंच रसायनज्ञ प्रूस्त याने १७९९ मध्ये खाणीतील आणि प्रयोगशाळेत केलेल्या ताम्र-कार्बोनेटाची तुलना करून तो पुढे मांडला.

मूलद्रव्य म्हणजे ज्याचे रासायनिक उपायांनी आणखी साध्या पदार्थांत विभाजन करता येत नाही ते. ही व्याख्या दिसते तितकी सोपी नाही. लव्हाझिए याने १७८९ मध्ये ३३ मूलद्रव्यांची यादी प्रसिद्ध केली, तिच्यात भाजलेल्या चुन्याचाही समावेश होता. त्या काळी कोणत्याही उपायाने चुन्याचे विभाजन होत नव्हते. तो धातूचा ऑक्साइड असावा, असा संशय मात्र लव्हाझिएला होता. १८०८ मध्ये हम्फ्री डेव्हीने विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने चुन्यातून कॅल्शियम वेगळा केला आणि तो संशय खरा ठरला. व्याख्या बदलली नाही. चुना मात्र मूलद्रव्यांच्या यादीतून संयुगांच्या यादीत गेला.

४. वजनाचा ताळा

चुनखडी भट्टीत भाजली म्हणजे दगडाचा आकार जवळजवळ तसाच राहतो, पण तो हलका होतो. हा हलकेपणा कोठून येतो? पूर्वी असे मानीत, की अग्नीतील काही दाहक अंश दगडात शिरतो व म्हणून कळीचा चुना झोंबतो. स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक याने ही समजूत तराजूने तपासली. १७५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने दाखविले, की भाजताना दगडात काही शिरत नसून त्यातून एक वायू निघून जातो, आणि जितके वजन घटते तितके त्या वायूचेच असते. या वायूला त्याने 'बद्ध वायू' अशा अर्थाचे नाव दिले. आज आपण त्याला कार्बन डाय-ऑक्साइड म्हणतो.

ब्लॅकच्या कार्याचे मोल वायूच्या शोधाइतकेच पद्धतीतही आहे. वस्तू दिसेनाशी झाली म्हणजे नाहीशी झाली असे न मानता, तिचा हिशोब तराजूवर मागावयाचा, ही ती पद्धत होय. लव्हाझिएने पुढे बंद पात्रांत प्रयोग करून ती नियमाच्या पदवीस नेली. रासायनिक विक्रियेत भाग घेणाऱ्या पदार्थांचे एकूण वजन विक्रियेनंतर तयार झालेल्या पदार्थांच्या एकूण वजनाइतकेच असते. यास द्रव्याच्या अक्षय्यतेचा नियम म्हणतात.

५. अणू, रेणू आणि संयुजा

वजनाची ही ठराविक प्रमाणे का असावीत, याचे स्पष्टीकरण १८०८ मध्ये डाल्टनने अणुसिद्धांताने केले. पदार्थ अणूंचे बनलेले असून विक्रियेत अणू नवे निर्माण होत नाहीत किंवा नष्ट होत नाहीत. केवळ त्यांची मांडणी बदलते. १८११ मध्ये आव्होगाड्रोने अणू व रेणू यांतील भेद स्पष्ट केला. ऑक्सिजन वायूत सुटे अणू नसून दोन-दोन अणूंच्या जोड्या असतात, ही गोष्ट त्या भेदामुळेच उलगडली.

अणूच्या अंतरंगाविषयी येथे एवढेच पुरे. मध्यभागी केंद्रक असते. त्यात धन प्रभाराचे प्रोटॉन आणि प्रभाररहित न्यूट्रॉन असतात. भोवती ऋण प्रभाराचे इलेक्ट्रॉन असतात. प्रोटॉनांची संख्या म्हणजे अणुक्रमांक, आणि त्यावरच मूलद्रव्याची ओळख ठरते. मेंडेलिव्हने १८६९ मध्ये मूलद्रव्यांची आवर्त सारणी मांडली तेव्हा अणुभाराचा क्रम धरला होता. आज ती अणुक्रमांकाच्या क्रमाने लावतात.

कॅल्शियमचा अणुक्रमांक २० आहे. त्याचे इलेक्ट्रॉन २, ८, ८, २ अशा थरांत मांडलेले असतात. शेवटचे दोन इलेक्ट्रॉन तो सहज देऊन टाकतो. म्हणून त्याची संयुजा दोन. ऑक्सिजनची मांडणी २, ६ अशी असून त्याला आठाचा थर पुरा करण्यास दोन इलेक्ट्रॉन हवे असतात. म्हणून त्याचीही संयुजा दोन. एकाने दिले, दुसऱ्याने घेतले, आणि विरुद्ध प्रभारांच्या आकर्षणाने कळीचा चुना बनला. पाण्यात मात्र हायड्रोजन आणि ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांची देवघेव न करता भागीदारी करतात. पहिला बंध आयनिक, दुसरा सहसंयुजी. कळीच्या चुन्यासारखे आयनिक पदार्थ सामान्यतः फार उच्च तापमानाला वितळतात, तर पाण्यासारखा लहान रेणूंचा पदार्थ शंभर अंशांवरच वाफ होतो. या भेदाचे एक मोठे कारण येथे आहे.

६. समीकरण हे विधान आहे

आता भट्टीतील विक्रिया शब्दांत मांडू.

कॅल्शियम कार्बोनेट → कॅल्शियम ऑक्साइड + कार्बन डाय-ऑक्साइड

व्यवहाराच्या भाषेत : चुनखडी → कळीचा चुना + वायू.

कॅल्शियमचा अणुभार ४०, कार्बनचा १२ आणि ऑक्सिजनचा १६ घेतला, तर चुनखडीचा सूत्रभार ४० + १२ + (३ × १६) = १०० येतो. कळीच्या चुन्याचा ४० + १६ = ५६, आणि वायूचा १२ + (२ × १६) = ४४. डाव्या बाजूस १००, उजव्या बाजूस ५६ + ४४ = १००. ताळा जमला.

हा ताळा केवळ वहीतला नाही. शुद्ध चुनखडीचा एक क्विंटल पूर्ण भाजला, तर ५६ किलो कळीचा चुना मिळतो आणि ४४ किलो वायू हवेत जातो. समजा, १० किलो शुद्ध चुनखडी भाजल्यावर ६.७ किलो वजन भरले. घट ३.३ किलो झाली. व्हावयास हवी होती ४.४ किलो. ३.३ हे ४.४ च्या तीन-चतुर्थांश आहे. म्हणजे दगडाचा चौथा हिस्सा कच्चाच राहिला. भट्टीतील ढेकूळ न फोडता, केवळ तराजूने, आतील स्थिती सांगता आली. समीकरण हे विधान आहे, आणि विधान असल्यामुळे ते तपासता येते.

समीकरण संतुलित करणे म्हणजे हाच ताळा अणूंच्या संख्येने जमविणे. हायड्रोजन व ऑक्सिजन यांपासून पाणी होते, एवढे म्हणून भागत नाही. ऑक्सिजनच्या एका रेणूत दोन अणू आहेत, पाण्याच्या एका रेणूत एकच लागतो; म्हणून हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू मिळून पाण्याचे दोन रेणू होतात. वजनाने ४ + ३२ = ३६. विद्यार्थी येथे एक चूक हमखास करतात : रेणूंची संख्या बदलण्याऐवजी रेणूचे सूत्रच बदलतात. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा आणखी एक अणू घातला की ताळा जमतो खरा, पण मग तो पदार्थ पाणी राहत नाही. तो हायड्रोजन पेरॉक्साइड होतो.

७. मोल : रसायनज्ञाचे डझन

अणू मोजता येत नाहीत, वजन करता येते. या दोहोंमधील पूल म्हणजे मोल. जसे १२ नगांचे डझन, तसे ६.०२२ × १० चा २३ वा घात इतक्या कणांचा एक मोल. २०१९ पासून ही संख्याच निश्चित ठरवून मोलाची व्याख्या केली जाते. पदार्थाचा रेणुभार जितका, तितके ग्रॅम म्हणजे त्याचा एक मोल. जुन्या मराठी पुस्तकांत यालाच ग्रॅम-रेणू म्हणत. चुनखडीचा एक मोल १०० ग्रॅम, कळीच्या चुन्याचा ५६ ग्रॅम, कार्बन डाय-ऑक्साइडचा ४४ ग्रॅम.

वायूंच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. शून्य अंश सेल्सिअस तापमानाला व एका वातावरणाच्या दाबाखाली कोणत्याही वायूचा एक मोल सुमारे २२.४ लिटर जागा व्यापतो. म्हणून एक क्विंटल चुनखडीतून सुटणारा ४४ किलो वायू, म्हणजे हजार मोल, त्या स्थितीत सुमारे २२,४०० लिटर होतो. दगडात मुकाट्याने दबून असलेला वायू मोकळा झाला म्हणजे केवढी जागा मागतो, हे यावरून ध्यानी येईल.

८. विक्रिया आणि उष्णता

चुनखडीचे विघटन सुमारे ९०० अंश सेल्सिअसला जोमाने होते. ही विक्रिया उष्णता शोषणारी आहे. जाळ विझला की ती थांबते. ती उष्णता भट्टीतील कोळसा पुरवितो. कोळशाचा कार्बन हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावतो, व त्यातूनही कार्बन डाय-ऑक्साइडच निघतो. कोळशाच्या ज्वलनात कार्बनचे ऑक्सिडीकरण होते. चुनखडीच्या विघटनात मात्र कोणाचेही ऑक्सिडीकरण अथवा क्षपण होत नाही, केवळ एक संयुग फुटून दोन होतात. एकच वायू, एकाच भट्टीतून, पण दोन भिन्न प्रकारच्या विक्रियांनी निघतो.

कळीच्या चुन्यावर पाणी टाकले की तो फुलतो, फसफसतो, वाफा सोडतो व त्याची पांढरी भुकटी होते. यालाच चुना विरणे म्हणतात.

कॅल्शियम ऑक्साइड + पाणी → कॅल्शियम हायड्रॉक्साइड

५६ + १८ = ७४. ही विक्रिया उष्णता देणारी आहे. एका मोलामागे सुमारे ६५ किलोज्यूल उष्णता सुटते. सारी उष्णता एका पेलाभर, म्हणजे २०० ग्रॅम, पाण्यास मिळाली तर त्याचे तापमान पाऊणशे अंशांहून अधिक वाढेल. हा हिशोब अवघ्या ५६ ग्रॅम चुन्याचा आहे. पिंपभर चुना विरविणाऱ्याने वाकून पाहू नये आणि थोड्या पाण्यात एकदम पुष्कळ चुना टाकू नये, असे जुने गवंडी सांगत. त्यामागचे कारण हेच.

९. आम्ल, आम्लारी आणि क्षार

विरवलेला चुना पाण्यात फार थोडा विरघळतो. वीस अंश तापमानास लिटरभर पाण्यात दोन ग्रॅमही नाही. वरचे स्वच्छ पाणी निथळून घेतले म्हणजे ती चुन्याची निवळी. निवळी हळदीवर घातली की पिवळा रंग पालटून तांबडा होतो. वर लिंबू पिळले की तो पुन्हा पिवळा होतो. प्रयोगशाळेतील लिटमस जे काम करतो, तेच हळद स्वयंपाकघरात करते. अशा पदार्थास दर्शक म्हणतात.

पाण्यात हायड्रोजन आयन देणारा पदार्थ आम्ल, आणि हायड्रॉक्साइड आयन देणारा पदार्थ आम्लारी, ही आर्‍हेनिअसची व्याख्या या पातळीवर पुरेशी आहे. दोहोंचा संयोग झाला की हायड्रोजन व हायड्रॉक्साइड मिळून पाणी होते, आणि उरलेले भाग मिळून क्षार होतो. निवळीत फुंकर घातली तर ती दुधाळ होते. श्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड पाण्यात कार्बोनिक आम्ल बनतो, ते चुन्याला उदासीन करते, आणि न विरघळणारा क्षार, म्हणजे पुन्हा चुनखडी, बारीक कणांच्या रूपाने तरंगू लागते. (फुंकर नळीने बाहेरच्या दिशेने घालावी, निवळी तोंडात ओढली जाऊ देऊ नये.)

चुनखडीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला तर ती फसफसते. ग्रॅनाइटवर काहीच होत नाही. भेडाघाटच्या संगमरवरावर थेंब टाकला, तर फसफस मंद असते. त्याचीच पूड केली तर ती स्पष्ट दिसते. कारण हा संगमरवर डोलोमाइटयुक्त आहे : त्यात कॅल्शियमच्या जोडीला मॅग्नेशियमही कार्बोनेटाच्या रूपात असते, आणि डोलोमाइट थंड सौम्य आम्लाशी सावकाश विक्रिया करतो. पूड केल्याने आम्लास लागणारा पृष्ठभाग वाढतो व विक्रियेचा वेग वाढतो. एका थेंबात रासायनिक ओळख आणि विक्रियेचा वेग, असे दोन धडे मिळतात.

१०. पाण्याचा कठीणपणा

पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डाय-ऑक्साइड घेऊन चुनखडीतून झिरपते, तेव्हा चुनखडी बायकार्बोनेटाच्या रूपाने त्यात विरघळते. असे पाणी साबणाला फेस येऊ देत नाही. साबण कॅल्शियमशी संयोग पावून न विरघळणारा साका होतो. पाणी उकळले की बायकार्बोनेट फुटते, वायू निघून जातो, आणि चुनखडीचा पांढरा थर भांड्याच्या तळाशी बसतो. हा तात्पुरता कठीणपणा. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमच्या सल्फेट व क्लोराइडमुळे येणारा कठीणपणा उकळून जात नाही. त्यास धुण्याचा सोडा घालावा लागतो. भांड्यातील थर लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने निघतो, याचे कारण मागील कलमात आलेच आहे.

११. ज्ञान कामी येण्याची दोन स्थळे

पहिले स्थळ : डोळ्यातील चुना. पान-तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा डबी दाबताना चुना मुलांच्या डोळ्यांत उडण्याचे अपघात आपल्याकडे वारंवार होतात, व त्यांत दृष्टी जाण्याचा संभव असतो. प्रबल आम्लारी पेशींतील स्निग्ध द्रव्यांवर विक्रिया करून आत शिरत जाते. चुना पाण्यात थोडाच विरघळतो, ही गोष्ट येथे दिलासा देणारी नसून अधिक भयावह आहे. पापणीखाली अडकलेला कण हळूहळू विरघळत आम्लारीचा पुरवठा चालूच ठेवतो. म्हणून त्याच क्षणी स्वच्छ वाहत्या पाण्याने, पापण्या उघड्या धरून, निदान अर्धा तास डोळा धूत राहावे आणि विलंब न लावता नेत्ररुग्णालय गाठावे. आम्लाने आम्लारी मारावी म्हणून लिंबू किंवा व्हिनेगर कदापि घालू नये. उदासिनीकरणात उष्णता सुटते आणि आम्ल स्वतःही डोळ्यास जाळते. तूप, दूध, मध हेही उपाय नव्हेत. डबी मुलांच्या हाती न लागू देणे हाच खरा उपाय.

दुसरे स्थळ : विहीर. कार्बन डाय-ऑक्साइडचा रेणुभार ४४, हवेचा सरासरी रेणुभार सुमारे २९. म्हणजे हा वायू हवेहून दीडपट जड. जुन्या, बंद विहिरीत पालापाचोळा व गाळ कुजत असला म्हणजे ऑक्सिजन कमी होतो आणि जड वायू तळाशी साठून राहतो. एप्रिल २०२५ मध्ये मध्य प्रदेशातच, खंडवा जिल्ह्यातील कोंडावत गावी, विहीर साफ करताना आठ जण अशाच रीतीने प्राणांस मुकले. एकाला वाचविण्यासाठी इतर उतरत गेले. दिवा सोडून पाहण्याची जुनी रीत अर्धीच खरी आहे. दिवा विझला तर उतरू नये, हे निश्चित. पण दिवा जळत राहिला म्हणून विहीर सुरक्षित ठरत नाही, कारण हायड्रोजन सल्फाइडसारखे विषारी वायू दिवा न विझविताही माणसास मारतात. आत पडलेल्यामागे संरक्षक साधनांवाचून कोणीही उतरू नये. अग्निशामक दलास बोलवावे.

१२. चक्र पुरे होते

चुन्याचा गिलावा भिंतीवर चढविला म्हणजे प्रथम तो वाळतो. कठीण होतो तो मागाहून. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड महिने, वर्षे हळूहळू शोषून विरवलेला चुना पुन्हा चुनखडी बनतो.

कॅल्शियम हायड्रॉक्साइड + कार्बन डाय-ऑक्साइड → कॅल्शियम कार्बोनेट + पाणी

७४ + ४४ = १०० + १८. डोंगरातील दगड भट्टीत गेला, पाण्यात विरला, आणि भिंतीवर पुन्हा दगड झाला. ४४ भाग वायू बाहेर पडला होता, ४४ भागच परत आला.

मात्र कोळशाच्या ज्वलनाने निघालेला वायू या चक्रात परत येत नाही, आणि सिमेंटमध्ये तर चुन्याचा मोठा भाग सिलिका व अल्युमिना यांच्याशी बांधला जातो. सिमेंटचा उद्योगही चुनखडी भाजण्यावरच उभा आहे. जगातील मानवनिर्मित कार्बन डाय-ऑक्साइडपैकी सुमारे सात ते आठ टक्के त्यातून निघतो, आणि त्यातील निम्म्याहून अधिक इंधनाचा नसून दगडातून सुटलेला असतो. शंभरामागे चव्वेचाळीस हा शाळेतील आकडा अशा रीतीने पृथ्वीच्या हवामानाच्या हिशोबात येऊन बसतो.

१३. उजळणीसाठी प्रश्न

(१) ग्रॅनाइट आणि चुनखडी यांपैकी संयुग कोणते, व ते कशावरून?

(२) हिंदी पुस्तकात 'नाइट्रोजन का अणुभार २८' असे वाचले. मराठीत हे विधान कसे लिहाल?

(३) २५ किलो शुद्ध चुनखडी पूर्ण भाजली तर कळीचा चुना किती मिळेल?

(४) शुद्ध डोलोमाइटचा सूत्रभार १८४ आहे. तो पूर्ण भाजल्यास किती भाग वायू जाईल?

(५) भांड्यातील पांढरा थर लिंबाने निघतो. मग डोळ्यातील चुन्यास लिंबू का चालत नाही?

उत्तरे : (१) चुनखडी, तिच्या घटकांचे प्रमाण वजनाने ठरलेले असून घटकांचे मूळ गुण लोपलेले आहेत. (२) नायट्रोजनचा रेणुभार २८. मराठीतील त्याचा अणुभार १४. (३) १४ किलो. (४) १८४ पैकी ८८ भाग. (५) दोन्हीकडे आम्लाचीच विक्रिया होते. परंतु भांडे ती उष्णता आणि आम्ल सोसते, डोळा सोसत नाही.

ज्यांना ही उत्तरे पुस्तिका न उघडता देता आली, त्यांनी पुढील इयत्तेचे रसायनशास्त्र निःशंक मनाने हाती घ्यावे. ज्यांना देता आली नाहीत, त्यांनी चुनखडीचा एक खडा व घरातील तराजू समोर ठेवून सहावे कलम पुन्हा वाचावे. पुढचा मार्ग तेथूनच सुरू होतो.